महाडचं देणं

माझा धाकटा भाऊ कंधार तालुक्यात शेती करतो. पंचेचाळिशीचा आहे, दोन लेकरांचा बाप आहे, आणि रात्रपाळीची वीज आली की मोटार चालू करायला अंधारात एकटाच रानात जातो. तो आज आहे तो काही माणसांमुळे. त्यांतले एक डॉ. हिंमतराव बावस्कर, त्यांना आमच्या घरातल्या कुणीही कधी पाहिलेलं नाही. दुसरे आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण आपलं नाव कुठे आलेलं त्यांना आवडत नसे. आणि तिसरी माणसं रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीला, सरकारी दवाखान्याच्या खाटांवर मरून गेली. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. पण देणं त्यांचंही आहे.

साल १९८८. मृग निघायला थोडे दिवस होते. बालाघाटाच्या आमच्या डोंगराळ भागात त्या दिवसांत विंचू फार. दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, कडब्याच्या गंजीत. संध्याकाळी बैलांसाठी पेंढी ओढताना भावाच्या बोटाला नांगी लागली. आठ वर्षांचं पोर. थोडा वेळ रडला आणि मग शांत झाला. विंचू उतरवणारे एक आजोबा गावात होते, भले माणूस, कुणाकडून पैसा घेत नसत. त्यांनी येऊन आपलं केलं. आजी म्हणाली, "गप झालंय की लेकरू. उतरलं बघा."

उतरलं नव्हतं. त्याला दोनदा उलटी झाली. घाम असा सुटला की सदरा पिळून काढावा. आई त्याचे पाय चोळत होती आणि एकदम म्हणाली, "अहो, लेकरू गार पडायलंय की!" तेवढं वाक्य माझ्या कानात आजही आहे. शेजारच्या गुरुजींची राजदूत होती. गुरुजींनी ती काढली, मागे आमचे वडील, बापू, भावाला छातीशी धरून बसले आणि अंधारात ती गाडी गेली. मी आणि आई सकाळच्या एस.टी.नं गेलो. त्यामुळे रात्रीचं मी सांगते ते बापूंनी पुढे आयुष्यभर सांगितलेलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलेलं.

डॉक्टरांनी मनगट धरून घड्याळ पाहिलं. छातीला नळी लावली, रक्तदाब घेतला, पायाला हात लावून पाहिला, तो कुठवर गार आहे हे वर सरकत सरकत पाहिलं. मग कपाटातून एक गोळी काढली, तिचा तुकडा केला, चुरून पाण्यात कालवला आणि पाजला. सुई नाही, सलाईन नाही. बापूंचा जीव खालीवर झाला. आमच्याकडे दवाखाना म्हणजे सुई. एवढ्याशा तुकड्यानं काय होणार, गरीब माणूस बघून हे असं करायलेत का, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचं दुःख त्यांनी नंतर कितीदा तरी बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "लेकराला उठवून बसवायचं नाही. मांडीवरही घ्यायचं नाही. आडवंच राहू द्या." स्टूल ओढून ते खाटेशी बसले. तीन तासांनी पुन्हा तुकडा दिला. मधे एकदा भावाला खोकला आला तेव्हा ते उठून उभे राहिले, छाती ऐकली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बापू रात्रभर पोराच्या तळपायांवर हात ठेवून बसले होते. पहाटे त्यांनीच डॉक्टरांना हाक मारली, "साहेब, पाय गरम लागायलेत." डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि सिस्टरना चहा सांगितला.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ भूक लागली म्हणत होता. बापू डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले. डॉक्टर मागे सरले आणि म्हणाले, "माझ्या नका पडू. महाडला एक डॉक्टर आहेत, आपल्या जालन्याकडचे. त्यांनी हे शोधून लिहून ठेवलंय, म्हणून मला ठाऊक." मी दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. मराठवाड्यातला माणूस काहीतरी शोधतो, लिहून ठेवतो आणि त्या लिहिण्यानं माझा भाऊ उठून भाकर मागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी जीवशास्त्राकडे गेले ते त्यामुळे. गेली अनेक वर्षं लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात मी तोच विषय शिकवते आहे.

जालन्याकडचे म्हणजे भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. गरीब शेतकऱ्याच्या घरातून आलेला हा मुलगा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाला. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकांना माहीत आहे. १९७६ साली त्यांची नेमणूक बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात झाली. तिथे विंचू चावलेली माणसं यायची आणि त्यांतली कितीतरी, विशेषतः लेकरं, डोळ्यांदेखत जायची. पुस्तकांत त्यावर जे उपाय होते ते करूनही जायची. नव्या डॉक्टरपुढे दोन रस्ते असतात. विंचवाचं असंच असतं म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळायचं, किंवा खाटेशी बसून हे माणूस नेमकं कशानं जातंय ते बघायचं. बावस्कर खाटेशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, श्वास हे सगळं ते तासातासाला टिपत गेले.

त्या टिपणांतून जे निघालं ते असं, की तांबडा विंचू माणसाला मारतो तो हृदयावाटे. विषामुळे शरीरातल्या सगळ्या स्वायत्त नसा एकाच वेळी पेटतात. आधी उलट्या, लाळ, घाम. पाठोपाठ ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन रक्तात इतकं लोटलं जातं की रक्तवाहिन्या आवळून जातात. शेतात मोटार पुऱ्या जोरात चालू आहे आणि पाइपावर कुणी पाय देऊन उभं आहे, अशी हृदयाची गत होते. हातपाय गार पडतात, कारण तिथवर रक्त पोचत नाही. रक्तदाब आधी चढतो, मग हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साचतं, तोंडाला गुलाबी फेस येतो आणि माणूस आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडून मरतो. या हृदयाच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख 'लॅन्सेट'नं १९८२ साली छापला.

या सगळ्यात मला सर्वांत खोल वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्याला असह्य वेदना होतात, जो रात्रभर किंचाळतो, तो बहुधा वाचतो. ज्याच्या सबंध शरीरात विषानं थैमान मांडलेलं असतं, त्याला दंशाच्या जागी पुष्कळदा फारसं दुखतही नाही. माझी आजी ज्या शांततेला उतार समजली ती शांतताच धोक्याची होती. विंचू उतरवणाऱ्यांना यश का येत असे, तेही हे वाचून उमगतं. किंचाळणारा माणूस काही तासांनी आपोआप बरा व्हायचा आणि मंत्राला मान मिळायचा. गप पडलेला मरायचा आणि आयुष्य तेवढंच होतं असं म्हटलं जायचं. गावच्या त्या आजोबांना, माझ्या आजीला किंवा बापूंना यात दोष देण्यासारखं काही नाही. जिवंत राहिलेल्यांवरून साऱ्यांनी अंदाज बांधला होता. गेलेल्यांजवळ बसून पाहण्याचं काम आमच्या गावात कुणी केलं नव्हतं.

आजार कळला तरी औषध सापडायचं होतं. बावस्कर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन आले होते. पुण्यात राहता आलं असतं. ते महाडला परतले. हृदयावरचा हा दाब रक्तवाहिन्या सैल करून उतरवता येईल, असा त्यांचा विचार होता. अगदी हाताबाहेर गेलेल्या रुग्णाला त्यांनी सोडियम नायट्रोप्रसाइड दिलं आणि गुण आला. पण ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं, सतत नजर ठेवायची. खेडोपाडी कसं जमणार? मग ते प्राझोसिनकडे वळले. ही उच्च रक्तदाबाची साधी गोळी आधीपासून बाजारात होती. ॲड्रिनलिनचा घाला रक्तवाहिन्यांवर जिथे बसतो तीच जागा ती अडवते, म्हणजे पाइपावरचा पाय काढते. प्राझोसिननं रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवायचं. बापूंना पोर मांडीवर घेऊ दिलं नव्हतं ते यासाठी. १९८६ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या नावानं हा उपचार 'लॅन्सेट'मध्ये आला. आधीच्या काळात दवाखान्यात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात सुमारे ३० दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. माझ्या भावाला विंचू चावला तेव्हा तो लेख जेमतेम दोन वर्षांचा होता. चार वर्षं आधी चावला असता, तर मी हे लिहीत बसले नसते.

एका माजी विद्यार्थिनीनं हे लेख मला तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून काढून आणून दिले, तेव्हा ते इतके लहान असतील असं वाटलं नव्हतं. हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. हृदयाचं संशोधन म्हटलं की महाराष्ट्रात मुंबईकडे बघायची सवय, आणि ती उगाच नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पडताळून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं आणि जगभरच्या डॉक्टरांना एक औषध मिळालं. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी के.ई.एम.मध्ये देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, तरी त्या धाडसाला जगात मान मिळाला. पण त्यांच्यामागे मुंबईची मोठी रुग्णालयं उभी होती. बिरवाडीत काय होतं? रक्तदाबाचं यंत्र, नळी, घड्याळ आणि वही. म्हणून मला बावस्करांचं काम या सर्वांच्या पंक्तीत वाटतं, आणि एका बाबतीत पुढेही. त्यांचा शोध ज्या हत्यारांनी लागला ती प्रत्येक आरोग्य केंद्रात होती, आणि शोधून काढलेलं औषधही प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवता येण्याजोगं होतं.

आणि लेख लिहिला म्हणजे तो कंधार तालुक्यात पोचतोच असं कुठे आहे? इथे मला आमच्या डॉक्टरांचं ऋण सांगितलं पाहिजे. ते अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. नोकरीला लागल्यावरही वर्षातून काही वेळा एस.टी.नं अंबाजोगाईला जायचे आणि दिवसभर ग्रंथालयात बसायचे. कामाचं वाटेल ते एका लांबट वहीत उतरवून आणायचे. प्राझोसिनचं पान मी पाहिलं आहे. वजनाप्रमाणे मात्रा, किती तासांनी द्यायची, काय द्यायचं नाही, आणि खाली दोन रेघा मारून 'आडवे ठेवणे'. गोळी त्यांनी नांदेडहून स्वतःच्या पैशानं आणून ठेवली होती, कारण तेव्हा ती सरकारी साठ्यात येत नव्हती. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. जगातलं ज्ञान आणि आमच्या गावचं पोर यांच्यामध्ये जे शेवटचं अंतर असतं ते एका माणसानं एस.टी.च्या तिकिटावर भरून काढलं. त्यांना ना पुरस्कार मिळाला ना बढती. बदली होऊन गेले तेव्हा बापू बैलगाडीत ज्वारीचं पोतं घालून घेऊन गेले होते. ते त्यांनी घेतलं नाही; आईनं केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी मात्र घेतली.

बापूंचंही एक देणं आहे. १९९९ च्या दिवाळीनंतर ते माझ्याकडे लातूरला असताना सकाळी छातीत कळ आली. रिक्षा करून रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिली आणि स्ट्रेप्टोकायनेजची सलाईन लावली. हृदयाच्या धमनीतली गुठळी विरघळली. बापू त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि नातवाची दहावी बघून गेले. ही दोन औषधं एकत्र द्यावीत हे ज्या चाचणीनं पक्कं झालं तिचा निकाल 'लॅन्सेट'मध्ये १९८८ सालीच आला होता. तेच साल, तेच नियतकालिक. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १६ देशांतल्या ४१७ रुग्णालयांमध्ये १७,१८७ रुग्णांवर ती केली. ज्यांना यातलं एकही औषध मिळालं नाही त्यांच्यात शंभरामागे १३ दगावले. ज्यांना दोन्ही मिळाली त्यांच्यात ८. त्या १३ मधली ती पाच माणसं कोण होती? छातीत कळ येत असताना त्यांनी चाचणीला होकार दिला, आपल्या वाट्याला औषध येईल की नुसतं पाणी हे न कळता. त्यांच्या होकारावर माझे वडील जगले. बिरवाडीच्या खाटांवरची माणसं मी सुरुवातीला सांगितली ती याच नात्यानं. बावस्करांच्या वहीत त्यांची नाडी लिहिलेली होती म्हणून माझ्या भावाची नाडी परत आली.

लातूरला डॉक्टर होण्याचं वेड किती आहे हे सांगायला नको. लातूर पॅटर्नच्या नावानं महाराष्ट्रभरची मुलं इथे येतात, नांदेडलाही तसेच वर्ग भरलेले असतात. माझ्या वर्गातून गेलेली काही मुलं आज पुण्यात, हैदराबादेत हृदयरोगतज्ज्ञ आहेत, धमनीत तार घालून रात्री-बेरात्री माणसं परत आणतात. त्यांचा मला अभिमान आहे. चेतासंस्थेचा धडा आला की मी दरवर्षी विंचवाची गोष्ट सांगते. एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण संशोधनानं पोट भरतं का?" प्रश्न प्रामाणिक होता. बापानं जमीन गहाण ठेवून शिकवणीची फी भरलेली असते. मी त्याला सांगितलं की बावस्करांनी रुग्ण तपासतच हे सगळं केलं. महाडला स्वतःच्या रुग्णालयात रोजचा दवाखाना चालवता चालवता त्यांनी ७० रुग्णांची चाचणी केली आणि ती २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते, आणि प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस मिळालेल्या ३५ पैकी ३२. म्हणजे ज्या औषधानं त्यांचं नाव झालं त्याच्यात भर घालायला हवी, हेही त्यांनीच तपासून जगाला सांगितलं. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी भावानं फोन केला होता. फारसं बोलला नाही. "आपल्या डॉक्टरला दिल्लीला बोलावलंय," एवढंच म्हणाला.

लातूरला चांगली वैद्यकीय सेवा उभी राहिली तीही बाहेरून आलेल्या जिद्दी माणसांमुळे. १९६६ साली, लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका असताना, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्याहून इथे आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. आज मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नांदेडला आहे, लातूरला आहे. पण आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला आम्ही अजून आमच्या त्या डॉक्टरांना मिळाली तीच वागणूक देतो. नोंदवह्या असतात त्या वर पाठवायच्या आकड्यांसाठी. खाटेशी बसून काय दिसलं ते लिहायला त्याला कुणी सांगत नाही आणि लिहिलं तर कुणी वाचत नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात भर दुपारी कापसाच्या, हळदीच्या रानात माणसं कोसळतात, चाळिशीच्या आत शेतकऱ्यांना झटके येतात. यांतलं किती नीट टिपलं जात असेल?

माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे कुणी आज किनवट, मुखेड, देगलूर, औसा, जळकोटकडे नोकरीवर असतील त्यांना माझी विनंती आहे: एक वही ठेवा, आणि त्यात एखाद्या रुग्णाजवळ पहाटेपर्यंत बसल्यावर जे दिसेल ते लिहा. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः रानात राहणाऱ्यांना: विंचू चावलेलं लेकरू शांत झालं, पण त्याला उलट्या होत असतील, दरदरून घाम सुटला असेल, हातपाय गार लागत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला आडवं ठेवून तसंच दवाखान्यात न्या, आणि प्राझोसिन आहे का ते विचारा.